पावलं येतात तिथवर

चपला वाजवून कुणाचं पोट भरतं का, असं टकळीच्या आजोळी सगळ्यांनी तिच्या आईबाबांच्या लग्नाआधी विचारलं होतं. भरतं म्हणावं. चांगलं भरतं. पडद्यावर नायिका तोऱ्यात जिना उतरते ना, तिच्या पायाखाली खरं तर गालिचा असतो, नाहीतर शूटिंगच्या वेळी बाजूला कुणीतरी खोकत असतं. तो आवाज काही कामाचा नसतो. मग एक माणूस बंद खोलीत पडद्यासमोर उभा राहतो आणि तिच्या पावलाला पाऊल लावून चालतो. ती थांबली की थांबतो, ती अडखळली की अडखळतो. तो माणूस म्हणजे टकळीचे बाबा. धंद्यात त्यांना सगळे चप्पलमास्तर म्हणत, आणि त्यांना त्याचं भारी कौतुक होतं.

टकळीचं खरं नाव घरात कुणी घेतलंच नाही. बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून टकळी. पन्नाशी गाठली, स्वतःच्या मुली मोठ्या झाल्या, माहितीपट बनवणारी म्हणून चार लोक ओळखायला लागले, तरी बाबा फोनवर "कोण, टकळी का?" असंच विचारायचे. जणू दुसरं कुणी त्यांना रोज फोन करत होतं.

लहानपणी शाळा सुटली की ती बाबांच्या स्टुडिओत जाऊन बसायची. त्या खोलीचा वास तिला अजून आठवतो: रबर, धूळ आणि ओल्या लाकडाचा. जमिनीत चौकोनी खड्डे, एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, एकात सुकी पानं. भिंतीला गोण्या टेकवलेल्या, आणि गोण्यांत निव्वळ पादत्राणं. बाबा त्यातून बूट काढायचे, उलटा करून झटकायचे आणि म्हणायचे, "चल, आज आपण पोलीस." छत्री फटाफट उघडली-मिटली की पक्षी उडायचे. गाजर मोडलं की खलनायकाचा हात मोडायचा, आणि उरलेलं गाजर टकळी खाऊन टाकायची. खलनायकाचे किती हात तिने फस्त केले त्याला गणतीच नाही.

त्या खोलीवर, त्या माणसावर तिने आता माहितीपट केला होता. करायलाच हवा होता. स्टुडिओ पाडायची बोलणी चालली होती, आणि बाबांचे गुडघे आता पोलीस तर सोडाच, साधा पोस्टमनसुद्धा चालू देत नव्हते.

पण अशा माणसावर फिल्म करायची म्हणजे एक मोठी पंचाईत असते. त्याचं सगळं काम दुसऱ्यांच्या सिनेमांत. ते सिनेमे दुसऱ्यांच्या मालकीचे. प्रत्येक मालकाच्या दारात परवानगीसाठी उभं राहायचं म्हटलं तर टकळीची उरलेली हयात त्यातच गेली असती. तिला तारलं ते कायद्यातल्या एका सवलतीने. रास्त वापर म्हणतात तिला. दुसऱ्याच्या कलाकृतीबद्दल तुम्हाला खरोखर काही सांगायचं असेल, तर सांगण्यापुरता तुकडा परवानगीवाचून घेता येतो. मात्र तेवढाच. आणि "तेवढाच" म्हणजे केवढा, हे ठरवायला वाहिनीवाल्यांनी एका वकीलबाईंकडे पाठवलं. बाईंनी मान डोलावल्याशिवाय फिल्म दाखवणार नाही, असं वाहिनीने स्वच्छ सांगितलं होतं.

वकीलबाई वयाने बऱ्याच मोठ्या होत्या. पायांत लोकरीचे मोजे घालून, रिमोट हातात धरून त्या फिल्म बघायच्या. दुसऱ्याचा तुकडा आला रे आला की बटण दाबायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या.

"इथे तू काय सांगतेस?"

"वादळाचा आवाज हा लाकडी फळीवर ओढलेल्या जाड कापडाचा आहे, हे सांगते. आधी कापड दाखवते, मग वादळ."

"छान. पुढे."

असं करत बहुतेक सगळे तुकडे पास झाले. घोड्यापाशी फक्त त्या अडल्या. "घोडा धावला, टापा म्हणजे आपटलेल्या करवंट्या हे कळलं. आता तो अख्खं मैदान ओलांडून डोंगरापलीकडे कशाला घेऊन जातेस?"

"दिसायला सुंदर आहे म्हणून."

"सुंदर आहे म्हणून घेतलंस की ती उचलेगिरी झाली, बयो. सांगायचंय म्हणून घेतलंस तरच आपली बाजू. घोडा अलीकडेच थांबव."

टकळीने घोडा थांबवला. वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरं तर बाईंचं पटतही होतं. मग फिल्म स्वयंपाकघरापाशी आली.

हे स्वयंपाकघर तिच्या माहेरचं. मामाने एकदा कुणाचा तरी व्हिडिओ कॅमेरा आणला होता, आणि दुपारभर तो टकळीच्या ताब्यात होता. तिने आयुष्यात केलेलं ते पहिलं शूटिंग. चित्र हलतंय, अर्धा वेळ नुसता ओटा दिसतोय. आई भाजी चिरतेय. खिडकीत रेडिओवर गाणं लागलंय आणि आई त्याच्याबरोबर गुणगुणतेय. कॅमेऱ्यामागून टकळीची टकळी चालूच आहे: "आई, इकडे बघ ना, आई, बोल ना काहीतरी, आई, तू सिनेमात आहेस!" मग आई मान वर करते, सुरी खाली ठेवते आणि एक बोट उभं करते. गप्प. पोरगी गप्प होते. गाणं चालू राहतं, पुढचं कडवं लागतं, आई ते मोकळ्या आवाजात म्हणते, आणि मग कॅमेरा बंद पडतो.

त्यानंतर थोड्याच काळात आई गेली. तिचं हलतंबोलतं असं जगात तेवढंच उरलं. बाकी सगळे फोटो.

फिल्ममध्ये टकळीने त्यावर स्वतःच्या आवाजात म्हटलं होतं: "घरात आवाजाचं वेड बाबांना. आईला शांतता हवी असायची. मी बोलायला लागले की ती बोट वर करायची." आणि ते गाणं तिने तिथे संपवलंच नव्हतं. मूळ रेकॉर्ड आणून तेच गाणं पुढे आईच्या फोटोंवरून शेवटपर्यंत वाहू दिलं होतं. फोटो सरकतात, गाणं चालतं. जो बघेल त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. एडिटर तर दर वेळी नाक पुसायचा.

वकीलबाईंनी बटण दाबलं. मग चष्मा काढला.

"आईचा चेहरा तुझ्यावर गेलाय," त्या म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. "उलटं म्हणाले. असो. इथे गाण्याबद्दल तू काय सांगतेस?"

"आईचं आवडतं गाणं होतं ते," टकळी म्हणाली.

"स्वयंपाकघरात ते मागे आपसूक वाजत होतं, त्याचं काहीतरी म्हणता येईल. पण तू त्याला घराबाहेर काढून अल्बमवर पसरलंस. लोकांनी रडावं म्हणून. त्याला रास्त वापर कसं म्हणू मी?"

"पण माझी आई आहे हो ती."

"आई तुझी. गाणं तुझं नाही."

गाण्याच्या मालक कंपनीने आधीच साफ नकार कळवला होता. वाहिनीवाल्यांनी तर धसकाच घेतला. ते म्हणाले, ते गाणं फिल्ममध्ये कुठेच नको, स्वयंपाकघरातही नको. आणि गाणं काढायचं म्हणजे आईचा आवाजही जाणार. एकाच फितीवर सगळं एकमेकांत मिसळलेलं. गाणं, गुणगुणणं, सुरी, टकळीची बडबड. एक ओढलं की सगळं निघून यायचं.

उरायचं ते मुकं चित्र. टकळी त्या दिवशी गाडीत बसून ढसाढसा रडली. पन्नाशीची बाई, गाडी चालू न करता, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून. आणि रडता रडता तिच्या डोक्यात आलं की मुक्या चित्राला आवाज देणारा माणूस आपल्या घरातच बसलाय की.

आता हे बाबांना सांगायचं कसं? ही फीत त्यांनी कधीच पाहिली नव्हती. लावते म्हटलं की ते उठून जात. ते गाणं रेडिओवर लागलं तर विचारूच नका, हातातला घास ठेवून आधी रेडिओ बंद करायला जात. आईचं आवडतं गाणं, ऐकवत नसेल, असं टकळीने कधीचं गृहीत धरलं होतं. फिल्मसाठी बाबांनी आपल्या कामांची जंत्री तोंडपाठ सांगितली, तेव्हाही ते गाणं ज्या सिनेमातलं, त्याचं नाव घेतलं नव्हतं.

"बाबा, एक काम आहे," ती चाचरत म्हणाली.

"काम असेल तर बघतो," बाबा म्हणाले. "रडारड असेल तर नाही बघणार."

"काम आहे. घरातला सीन. एक बाई भाजी चिरतेय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. "पायांत काय आहे बाईच्या?" त्यांनी विचारलं.

"सपाता. निळ्या."

"टाच उसवलेली आहे त्यांची," बाबा म्हणाले आणि काठी शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं स्टुडिओत गेले. गोण्या अजून तिथेच होत्या; एकीतून टाच उसवलेल्या सपाता शोधून बाबांनी पायांत चढवल्या. बाबांनी स्टूल मागवलं, मायक्रोफोन स्वतःच्या हाताने खाली केला आणि जुन्या सवयीने हुकूम सोडला, "आवाज बंद ठेव. मला फक्त चित्र."

पडद्यावर आई आली. टकळी पडद्याकडे नव्हतीच बघत, ती बाबांकडे बघत होती. त्यांचे हात कामाला लागले होते. एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहताना त्यांनी फळीवर सुरी धरली, गाजर घेतलं, आणि आई चिरायला लागली. अगदी तिच्याच लयीत. दोन घाव जलद, मग जरा थांबणं, मग पुन्हा. काचेच्या बांगड्या त्यांनी रुमालात गुंडाळून मनगटाला लावल्या. आई नळाकडे वळली तशा स्टुलावर बसल्या बसल्याच त्यांच्या पायांतल्या उसवलेल्या सपाता फरशीवरून घासत गेल्या. इतक्या वर्षांनी आई घरात चालत होती. फितीवर सपाता ऐकूच येत नव्हत्या, गाण्याखाली बुडालेल्या होत्या. आणि आता सपातेचा तो फटक-फटक आवाज ऐकून तिला लाल फरशी आठवली, खिडकीची आडवी सावली आठवली, शाळेतून आल्यावर आईच्या पदराला पुसलेले स्वतःचे हात आठवले.

आईने सुरी खाली ठेवली. बाबांनी ठेवली. आईने बोट वर केलं.

बाबा थांबले.

"थांबव," ते म्हणाले.

चित्र तिथेच थांबलं. बोट वर केलेली आई.

"काय झालं? दुखतंय का? पाणी देऊ?"

"हे नाही जमायचं. गाण्याशिवाय कसं जमेल? गाणं नसेल तर हिने बोट कशाला वर केलंय, ते कसं कळेल कुणाला?"

"मला गप्प करायला केलंय की. मी किती बडबडत होते!"

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसं. "गप्प करायला? तुला? अगं वेडे, ती तुला ऐकायला सांगतेय. इथे दुसऱ्या कडव्याआधी वाद्यं थांबतात. थांबतात ना? लाव बघू आवाज."

"तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर आवाज बंद ठेवून..."

"टकळे, लाव."

तिने आवाज लावला. बाबांनी इतकी वर्षं टाळलेलं गाणं त्या खोलीत वाजायला लागलं. तिची स्वतःची चिरकी बडबड, आईचं गुणगुणणं. बोट वर झालं आणि वाद्यं थांबली. गाण्यात कुणीतरी लाकडी जिना चढून यायला लागलं. टकळीने हे गाणं हजार वेळा ऐकलं असेल. ही पावलं नायकाची, असं ती धरून चालली होती. ज्याची वाट बघत नायिका गाते तो आला, की पुढचं कडवं. तेवढीच पावलं. एक नीट, एक किंचित रेंगाळलेलं. एक नीट, एक रेंगाळलेलं.

तिने बाबांच्या डाव्या पायाकडे पाहिलं.

"लहानपणी झाडावरून पडलो होतो," बाबा म्हणाले. "हा पाय तेव्हापासून मागे राहतो. सगळा जन्म तो लपवत चाललो मी. नायकाचा पाय कसा रेंगाळेल? पण त्या गाण्याच्या वेळी संगीतकार म्हणाला, नायकबियक सोड. दिवसभर दमून घरी आल्यावर तू जसा चढतोस तसा चढ. स्टुडिओत चार पायऱ्यांचा जिना आणून ठेवला होता. नवीनच लग्न झालं होतं माझं. डोळे मिटले आणि घरी आल्यासारखा चढलो. त्या गाण्यात तेवढा एकदाच मी माझ्या चालीने चाललोय. नाव कुठेच नाही, पण हिने रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं आणि मी काही सांगायच्या आत ओळखलं."

"आणि मग?"

"मग काय! गाणं लागलं की हातातलं टाकायची आणि बोट वर करायची. म्हणायची, आलात बघा. मी समोर बसलेला असलो तरी म्हणायची." बाबांनी रुमालातल्या बांगड्या सोडवल्या, पुन्हा बांधल्या. "ती गेल्यावर मला ते ऐकवेना. आलो तरी दार उघडायला कोण आहे?"

एवढं बोलून ते रडले. अगदी उघड, मुलीसमोर, बाहीने डोळे पुसत. टकळी त्यांच्या स्टुलाजवळ खाली खडीवर बसली. इतकी वर्षं आपल्या आईने आपल्याला गप्प केलं म्हणून ती मनातल्या मनात रुसून होती, चारचौघांत हसत सांगत होती, आता तर फिल्ममध्येही बोलून बसली होती. आणि आई तिला सांगत होती, ऐक, बाबा आले.

वकीलबाईंनी पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न विचारला. रिमोट तोच, मोजे तेच.

"इथे गाण्याबद्दल तू काय सांगतेस?"

टकळीने सांगितलं. म्हणजे टकळीसारखंच सांगितलं, दम न खाता. बाई ऐकत राहिल्या.

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"मला तरी कुठे माहीत होतं!"

"आता कसं झालं! ज्याच्या कामावर फिल्म आहे त्याचंच काम, आणि तेही कुठे नाव न लागलेलं. ही पावलं ऐकवल्याशिवाय तुझं म्हणणं सिद्धच होणार नाही. वाहिनीवाल्यांना मी लिहून देते, खणखणीत." मग त्यांनी बोट उगारलं. "पण पावलं येतात तिथवर. त्याच्या पुढे गाणं नको. फोटोंवरचं तर नाहीच नाही."

टकळीचा चेहरा पडला. पावलांच्या पुढेच तर आई मोकळ्या आवाजात गात होती. ते कडवं म्हणजे आईचा खरा आवाज. त्याच्याआधी होतं ते नुसतं गुणगुणणं.

"एवढं एक कडवं, बाई."

"ते का हवंय तुला?"

सुंदर आहे म्हणून, हे उत्तर तिच्या ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं. घोड्याची आठवण दोघींनाही झाली असावी.

निवेदन पुन्हा रेकॉर्ड करायचं त्या दुपारी बाबा हट्टाने आले. काचेपलीकडे एडिटरशेजारी खुर्ची टाकून बसले. टकळीने जुनं निवेदन खोडून नवं लिहून आणलं होतं, भरपूर. पडद्यावर स्वयंपाकघर आलं आणि ती बोलायला लागली. जिना सांगितला, रेंगाळणारा पाय सांगितला, चित्रपटाच्या नामावलीत न आलेलं नाव सांगितलं. आईने सुरी खाली ठेवली. आईने बोट वर केलं. टकळीपुढच्या कागदावर अजून बऱ्याच ओळी शिल्लक होत्या. तिने कागद उलटा ठेवला आणि तोंड मिटलं.

पावलं आली. जिना संपला. तिथे एडिटरने गाणं कापलं, आणि फोटो सुरू झाले ते नुसते, आवाजाशिवाय. आई न गाताच निघून गेली असं टकळीला वाटलं, आणि तिने काचेतून बाबांकडे पाहिलं, जणू तिनेच काहीतरी तोडलं होतं.

"तेवढंच ठेवता आलं, बाबा. पुढचं कडवं नाही घेता आलं. आई तिथे किती छान गाते!"

"असू दे गं," बाबा म्हणाले. त्यांनी पडद्यावरून नजर काढली नव्हती. "गाणं चालू असताना मी खरोखर जिना चढून घरी आलो की ती रेडिओ तिथेच बंद करायची."